चाचणी केंद्रांनी सॉफ्टवेअर घेण्याआधी एक खोटी फाइल तयार करावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नौपाडा, घोडबंदर रस्ता, वाशी, खारघर या भागांत मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या करणारी छोटी केंद्रे आता कागदी फायली सोडून संगणकीय नोंदींकडे वळत आहेत. हे चांगलेच आहे. अडचण अशी की विकायला येणारी बहुतेक सॉफ्टवेअर डॉक्टरांच्या ओपीडीसाठी घडवलेली असतात. पंधरा मिनिटांची वेळ, तक्रार, निदान, औषधाची चिठ्ठी, पावती असा त्यांचा साचा. चाचणीचे काम निराळे आहे: दीड-दीड तासाच्या दोन-तीन बैठका, प्रत्येक उपचाचणीचे गुण, मग अहवाल, आणि हे सगळे एकाच प्रकरणाखाली. म्हणून विक्रेत्याचे सादरीकरण बघून निर्णय घेऊ नये. एका काल्पनिक मुलाची नोंद पहिल्या फोनपासून अहवाल हातात पडेपर्यंत आपण स्वतः त्या सॉफ्टवेअरमध्ये करून बघावी.

सुरुवात वयापासून करा. समजा जन्मतारीख १८ नोव्हेंबर २०१६ आणि चाचणीची तारीख ३ मार्च २०२५. महिना ३० दिवसांचा धरून हाताने वजाबाकी केली तर वय ८ वर्षे ३ महिने १५ दिवस येते. आता बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी घ्या. मूल सहा वर्षांच्या गटातले सगळे प्रश्न सोडवते, सातच्या गटातले चार, आठच्या गटातले दोन आणि नऊच्या गटातला एकही नाही. सहा वर्षांचे ७२ महिने, आणि पुढच्या गटांत सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाला २ महिने मिळतात, म्हणजे मानसिक वय ८४ महिने. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणायचे; खरे वय ९९ महिने धरले की बुद्ध्यंक ८५. सॉफ्टवेअरने फक्त ‘८ वर्षे’ धरले तर तोच ८७ किंवा ८८ होतो. आणि नुसती सालांची वजाबाकी करून ‘९’ धरले तर ७८. मूल तेच, उत्तरे तीच, पण ८५ आणि ७८ यांच्यात अहवालातला शेरा बदलतो आणि शाळेतल्या सवलतीचा पुढचा रस्ताही. चाचणी दोन दिवस चालली तर वय पहिल्या बैठकीच्या तारखेवर मोजले जाते का, हेही बघा. अनेक सॉफ्टवेअर वय ‘आज’च्या तारखेवर मोजतात, आणि दोन वर्षांनी जुनी नोंद उघडली की वय बदललेले दिसते.

‘गुण आपोआप काढून देतो’ असे विक्रेता म्हणाला तर मानकांचे तक्ते (मुलाचे गुण त्याच्या वयाच्या इतर मुलांशी ताडून बघायचे) कुठून आणले, हे लेखी विचारा. बहुतेक चाचण्यांचे तक्ते प्रकाशकाच्या मालकीचे असतात. परवान्याशिवाय ते सॉफ्टवेअरमध्ये भरलेले असतील तर टंकनाच्या चुका तपासायलाही कोणी जबाबदार नसतो. शिवाय नोंदीत चाचणीचे नाव, आवृत्ती, मानकांचे साल आणि कोणत्या भाषेत घेतली, याच्या चार वेगळ्या जागा हव्यात. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेले रूपांतर १९३४ चे. नागपुरात मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेली मिसिक ही बुद्धिमापन चाचणी १९६९ ची. फेरचाचणीत बुद्ध्यंक घसरलेला दिसला तर मूल बदलले की मोजपट्टी, हे त्या चार जागांवाचून सांगता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो कोण काय उघडू शकते यावर. अहवाल पालकांना आणि त्यांच्या संमतीने शाळेला जातो. प्रश्नपुस्तिकेतली उत्तरे, चित्रांवरचे प्रतिसाद, मुलाखतीत पालकांनी एकमेकांविषयी सांगितलेले हे मात्र जात नाही. चाचणीतले प्रश्न बाहेर फुटले तर ती चाचणी पुढच्या मुलांसाठी निकामी होते. म्हणून अहवाल आणि कच्चा मजकूर यांना दोन वेगळी कुलपे हवीत. स्वागतकक्षाच्या लॉगिनने आत शिरून त्या खोट्या मुलाचे कच्चे गुण उघडायचा प्रयत्न करा. उघडले तर पुढे बघायची गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २४ मध्ये डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही गोपनीयता लागू असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. चाचणीला येणारे प्रत्येक मूल त्या कायद्यातल्या व्याख्येत बसत नाही, पण शिस्त तीच ठेवावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, तेव्हा पालकांची संमती कोणी, कधी आणि कशासाठी दिली, याची नोंद तारखेसह राहायला हवी.

सही झालेला अहवाल बंद व्हायला हवा. चूक सापडली तर तारीख टाकून पुरवणी जोडता यावी. मूळ मजकूर गुपचूप बदलता येत असेल तर तो अहवाल उद्या कोणत्याही मंडळासमोर टिकणार नाही. अहवालाचे तयार साचे वेळ वाचवतात आणि तिथेच घातही करतात: मागच्या मुलाचे नाव चौथ्या परिच्छेदात राहून जाते, मराठीत तर मुलीच्या अहवालात ‘तो सांगतो’ उरते. नाव आणि लिंग एकदाच भरून सगळीकडे आपोआप जाते का, ते तपासा.

मराठी छपाईची परीक्षा सोपी आहे. ‘बुद्ध्यंक’ हा शब्द टाइप करा, पीडीएफ काढा, छापून बघा. जोडाक्षर फुटले, किंवा त्या पीडीएफमधून शब्द शोधता आला नाही, तर युनिकोड नीट हाताळलेले नाही. जुन्या फॉन्टमधले अहवाल आत घेताना हाच गोंधळ होतो.

वीज किंवा इंटरनेट चाचणीच्या मध्येच गेले तर भरलेले गुण टिकतात का, हे राउटर बंद करून प्रत्यक्ष बघा. किमतीत दर लॉगिनमागे महिन्याचे किती, जीएसटी धरून किती, हे विचारालच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे करार संपल्यावर आपला सगळा डेटा सीएसव्ही (रकान्यांच्या तक्त्याची साधी फाइल) आणि पीडीएफमध्ये किती दिवसांत परत मिळेल आणि त्यांच्याकडून पुसल्याचे पत्र मिळेल का. ‘मिळेल’ या शब्दावर थांबू नका. त्या खोट्या मुलाची नोंद समोर बसून बाहेर काढून घ्या. उपचाचण्यांचे गुण वेगवेगळ्या रकान्यांत आले नाहीत आणि नुसता अहवालाचा फोटो हाती पडला, तर पाच वर्षांनी दुसरे सॉफ्टवेअर घेताना सगळे पुन्हा हाताने भरावे लागेल.

आणि स्कॅन केले म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नयेत. बेंडर-गेस्टाल्ट या आकृत्या बघून काढायच्या चाचणीतल्या नऊ आकृत्या काढताना मुलाने पेन्सिल किती दाबली, कुठे खोडले, हे स्कॅनमध्ये पुसट होते. सॉफ्टवेअरमध्ये कपाट आणि फाइल क्रमांकासाठी एक रकाना मागून घ्यावा, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ते कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

आपल्या नम्र,
चाचणी केंद्रातील दोन सहकारी, ठाणे (पश्चिम)