आरोग्य पुरवणीतल्या व्हिटॅमिनच्या बातमीची दुरुस्ती छापत नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, वाचक सेवा विभाग

तुमच्या कार्यालयाशी फोनवर झालेल्या शेवटच्या बोलण्यानंतर हे लेखी देत आहे. बातमी कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे: ‘व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी कॅन्सर’.

तिचा आधार १९९४ साली प्रसिद्ध झालेला फिनलंडचा अभ्यास. त्यात होते फक्त ५० ते ६९ वयाचे, सिगारेट ओढणारे पुरुष. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं तो घटक) घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हा धोका खरा आहे, छापायलाच हवा. पण सिगारेटचा उल्लेख तुम्ही गाळला, बीटा कॅरोटीनच्या जागी नुसतं ‘व्हिटॅमिन’ लिहिलं आणि फोटो लावला फॉलिक ॲसिडच्या, म्हणजे गरोदरपणासाठी घ्यायच्या व्हिटॅमिनच्या, पट्टीचा. बाळाचा मज्जारज्जू पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतो, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून घ्यायची असते. तो फोटो बघून कुणी ती बंद केली, तर नंतर सुरू करून नुकसान भरून येत नाही.

चौकटीत तर ‘व्हिटॅमिन डी ६०,००० मिलिग्रॅम’! ते ६०,००० युनिट हवं. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे अख्ख्या कॅप्सूलमध्ये दीड मिलिग्रॅम. आणि खरा धोका जिथे आहे तिथे तुम्ही गप्प. साठ हजारची कॅप्सूल बहुधा आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच असते. लोक ती रोज घेतात. गोव्यात त्यावर भर म्हणून आखातातून, बोटीवर काम करणाऱ्यांकडून आलेल्या व्हिटॅमिन डीच्या बाटल्या. त्यांवर १२५ मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे ५,००० युनिट, आणि आकडा लहान दिसतो म्हणून दोन-दोन घेतल्या जातात. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं: उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, शेवटी मूत्रपिंडावर ताण.

हे सगळं तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. उत्तर आलं, ‘‘बातमी एजन्सीची आहे, आम्ही फक्त भाषांतर केलं.’’ मी विचारलं, मग फोटो आणि चौकटही एजन्सीची का? थोडा वेळ शांतता. मग, ‘‘युनिट काय न् मिलिग्रॅम काय, वाचक एवढं बघत नाहीत.’’ बघतात! गोळीच्या पट्टीवरचा आकडा पेपरातल्या आकड्याशी ताडून बघतात. वर म्हणे, ‘‘तुमचा औषधांचा धंदा आहे का? खप कमी झाला म्हणून फोन करताय ना?’’ वर्षाची वर्गणी आगाऊ घेऊन वाचकाला हे ऐकवायचं? हे उत्तर तुमच्या संस्थेला मान्य आहे का, ते लेखी कळवा.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवी: कुणावर अभ्यास, कुठला घटक, किती मात्रा. फॉलिक ॲसिडचा फोटो चुकीचा होता हे वेगळं, स्पष्ट लिहून. आतल्या पानावरची दोन ओळींची दिलगिरी चालणार नाही.

दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे जायला प्रसिद्धीपासून दोन महिने मिळतात, आणि त्याआधी संपादकांना लेखी कळवावं लागतं. या पत्राची प्रत संपादकांना आजच स्पीड पोस्टाने पाठवली आहे. पुढच्या दोन पुरवण्यांत दुरुस्ती आली नाही, तर तक्रार दाखल होईल आणि वर्गणीही बंद.

एक वर्गणीदार,
म्हापसा, गोवा