कळांपेक्षा एकटेपणाची धास्ती

सिझेरियनच्या वाढत्या प्रमाणावरील आपला अग्रलेख वाचला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण २०१५-१६मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१मध्ये २५.४ टक्के झाले. चिंता रास्तच, पण ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’ हा सूर पटला नाही.

मुलींना धास्ती असते ती एकटे पडण्याची. आई-सासू प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर, आत सगळे अनोळखी चेहरे आणि पहिलटकरीण कण्हली की ‘ओरडू नकोस’ एवढाच संवाद! अशा वेळी कंबर चोळून देणारी, कुशीवर वळवणारी, दोन कळांच्या मधे चार पावले चालवून आणणारी प्रशिक्षित सुईण जवळ असली, तर बाई सावरते. हा नुसता भाबडेपणा नव्हे. वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात १७ देशांतील २६ चाचण्या तपासल्या गेल्या. कळा सुरू असताना सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूती अधिक आणि सिझेरियन कमी आढळली.

केंद्र सरकारने २०१८मध्येच मिडवाइफरी (म्हणजे प्रशिक्षित सुईणींच्या) सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. परिचारिकांना त्यासाठी १८ महिन्यांचे प्रशिक्षण द्यायचे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या जिल्ह्यात अशा किती जणी तयार झाल्या आणि त्यांतल्या किती खरोखर प्रसूतिकक्षात आहेत, याची आकडेवारी आरोग्य विभागाने जाहीर करावी. शिवाय सुईणीची ओळख गर्भारपणातल्या तपासण्यांपासूनच व्हायला हवी. ऐन कळांत नवा चेहरा समोर येऊन फारसा उपयोग नाही.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा