मोरपंखी रंग खरा दाखवणाऱ्या संगणकाबद्दल सरांचे जाहीर आभार

जुळे सोलापूर

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये असे आपण बजावले असल्यामुळे हे पत्र नुसत्या ‘सर’ या संबोधनाने लिहीत आहे, ओळखणारे ओळखतीलच. २०२४ च्या दिवाळीनंतर आपल्या मार्गदर्शनाखाली आमच्या घरी जो संगणक जुळवला, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. त्यावर दिवसा मी चादरी आणि टॉवेल यांच्या कॅटलॉगसाठी काढलेल्या छायाचित्रांचे काम करते आणि रात्री माझा मुलगा गेम खेळतो. सोलापूरचा एक पूर्ण उन्हाळा या यंत्राने विनातक्रार काढला, तेव्हा आता आभार मानायला हरकत नाही. पत्र जाहीर लिहिण्याचे कारण एवढेच की माझ्यासारखे काम करणारे पुष्कळ जण ‘कोणते पार्ट घेतले’ असे विचारतात, आणि नुसती यादी देऊन आपण जे समजावून दिले ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

आम्ही आपल्याकडे आलो तेव्हा हातात एका दुकानाचे कोटेशन होते. त्यात समोरून काच असलेले दिव्यांचे कॅबिनेट, आठ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, रॅमच्या चार स्टिक आणि ‘६५० वॉट’ एवढाच उल्लेख असलेला एसएमपीएस (संगणकाच्या पार्टना वीज पुरवणारा डबा) होता. मॉनिटरपुढे ‘२७ इंची एलईडी’ असे लिहिले होते आणि यूपीएसचा उल्लेखच नव्हता. आपण तो कागद वाचला, घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणालात, “आधी तुमचं काम कुठं अडतंय ते बघू.” मग घरी येऊन जुन्या संगणकावर टास्क मॅनेजर (कोणत्या पार्टवर किती ताण आहे याचे आलेख दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून ठेवलात आणि मला नेहमीसारखे काम करायला सांगितलेत. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममधून फोटो एक्स्पोर्ट होत असताना प्रोसेसरचे चारही कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) शंभर टक्क्यांवर गेले. फोटोशॉपमध्ये बऱ्याच लेअरची मोठी फाइल उघडताच १६ जीबी रॅम भरली, विंडोज हार्ड डिस्कचीच तात्पुरती स्मृती म्हणून उसनवारी करू लागले आणि डिस्कचा आलेख वर जाऊन तिथेच चिकटला. ग्राफिक्स कार्डाची रेषा मात्र या सगळ्या वेळात जवळजवळ आडवी होती. ती उसळली ती एआय डिनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे काढण्याचे साधन, चालवल्यावर. आलेख ज्या क्रमाने वर गेले त्याच क्रमाने पैसे खर्च करायचे, हे आपण तेव्हाच ठरवून टाकलेत, आणि आमच्या घरातला ‘कार्ड मोठे की प्रोसेसर मोठा’ हा वाद तिथेच मिटला.

तसा तो पुरता मिटला नव्हता. मुलाला रायझन ७ ७८००एक्स३डी हाच प्रोसेसर हवा होता आणि त्याची मागणी अवास्तवही नव्हती. आपण त्याला उडवून न लावता सांगितलेत की या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद स्मृती) आहे, साध्या रायझन ७ ७७०० मध्ये ती ३२ एमबी आहे, आणि गेमला वारंवार लागणारी माहिती या जवळच्या कॅशमध्ये मावली की सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढतात. पण १४४०पी (२५६० × १४४० ठिपके) रिझोल्यूशनवर चित्र भारी ठेवून खेळताना बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच आधी दमते, त्यामुळे तो फरक बराच कमी होतो. उलट फोटो एक्स्पोर्टला कोअरची संख्या आणि वेग लागतो. दोन्हींचे कोअर आठच आणि बूस्ट वेग मात्र ७७०० चा किंचित जास्त, म्हणजे माझ्या कामासाठी वरचे पैसे देण्यात काही अर्थ नव्हता. मुलगा पटला तो मात्र दुसऱ्या मुद्द्यावर: एएम५ हे सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) २०२२ मध्ये आले असून ते २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणून स्वतः कमवायला लागल्यावर तो याच मदरबोर्डवर हवा तो प्रोसेसर बसवू शकेल. त्यामुळेच ७७०० आणि मदरबोर्ड म्हणून मधल्या दर्जाचा बी६५० घेतला.

रॅमच्या चार स्टिक का नकोत, हे मला कोणत्याही दुकानात कोणी सांगितले नव्हते. डीडीआर५ या प्रकारच्या रॅममध्ये चारही खाचा भरल्या तर प्रोसेसरमधल्या स्मृतीच्या नियंत्रकावर ताण येतो आणि या पिढीच्या रायझनसाठी एएमडीनेच चार स्टिकचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली आणलेला आहे. म्हणून आपण १६ जीबीच्या चार स्टिकऐवजी ३२ जीबीच्या दोन स्टिक घ्यायला लावल्यात, त्याही ६००० वेगाच्या, आणि जोडणी झाल्यावर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘एक्स्पो’ हा रॅम जाहीर वेगाने चालवणारा पर्याय सुरू केलात. तो सुरू न केल्यास ६००० चे पैसे मोजून आणलेली रॅम निमूटपणे तिच्या मूळ कमी वेगावरच चालत राहते, आणि संगणक चालू आहे म्हटल्यावर तिकडे कोणी बघायलाही जात नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आठ जीबी स्मृती काही नव्या गेमना १४४०पी वर अपुरी पडते, म्हणून १२ जीबीचे आरटीएक्स ४०७० घेतले आणि तेच डिनॉइजलाही उपयोगी पडले.

मॉनिटरबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण माझा धंदा रंगावर चालतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण दूर बसलेला व्यापारी मानांकन पाहून ऑर्डर देत नाही, तो फोटोतला रंग पाहून देतो. आणि माल पोहोचल्यावर मोरपंखी चादर त्याला निळी वाटली तर ती परत येते. आमच्या कॅटलॉगमधला मोरपंखी नेहमी मेलेला का दिसतो, याचे कारण आपण माझ्या जुन्या पडद्यासमोर खरी चादर पसरून दाखवलेत. एसआरजीबी हे रंगांचे प्रमाण १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्या काळच्या काचेच्या मॉनिटरना धरून ठरवले. हिरवा आणि निळा यांच्या मधल्या गडद छटा त्यात पुरेशा मावत नाहीत. छापखान्याची शाई मात्र त्यांपैकी काही छटा उमटवू शकते, आणि त्यासाठीच १९९८ चे अ‍ॅडोबी आरजीबी हे अधिक विस्तृत प्रमाण आहे. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला आणि छापखान्यात निघू शकणारा रंग मधल्या माझ्या पडद्यावरच दिसत नव्हता, आणि जे दिसत नाही ते मी सुधारणार तरी कसे! कोटेशनमधील ‘एलईडी’ या शब्दाने पडद्यामागचा दिवा कोणता एवढेच कळते. पॅनल आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसा न बदलणारे) आहे का, अ‍ॅडोबी आरजीबी किती टक्के मावते, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही.

प्रोसेसरवर वाचलेल्या पैशांत भर घालून आपण विस्तृत रंगांचा, १४४०पी रिझोल्यूशनचा आणि गेमसाठी १४४ हर्ट्‌झचा आयपीएस मॉनिटर निवडलात, आणि आपला कॅलिब्रेटर (पडद्याचा रंग मोजून जुळवणारे उपकरण) आणून त्याचा पांढरा रंग ६५०० केल्व्हिनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, आणि उजेड सुमारे १२० निट्सवर (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) बसवलात. पहिल्यांदा पाहताना तो पडदा मला मंद वाटला. परंतु आमची छापील पाने काळपट येण्याचे मूळ तिथेच होते: पडदा पूर्ण उजेडावर ठेवून फोटो सुधारला की तो डोळ्यांना उजळ दिसतो आणि कागदावर अंधारतो. गेमसाठी आपण उलटी काळजी घेतलीत. बहुतेक गेम एसआरजीबी धरूनच बनवलेले असल्यामुळे विस्तृत पडद्यावर त्यांतले गवत आणि माणसांचे चेहरे भडक दिसतात, म्हणून रात्री मॉनिटर एसआरजीबी मोडवर न्यायचा आणि सकाळी परत आणायचा, असा नियम आपण मुलाला घालून दिलात आणि तो, आश्चर्य म्हणजे, पाळतोही. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावायची, हेही आपण त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलेत. ७७०० मध्ये स्वतःचे छोटे ग्राफिक्स असल्याने चुकीच्या जागी लावलेल्या केबलमधूनही चित्र येते आणि महागडे कार्ड नुसते बसून राहते.

आपला सोलापूरचा उन्हाळा कोटेशन देणाऱ्याच्या हिशेबात नव्हता, तो आपण धरलात. खोलीत चाळीस अंश असताना कोणताही पंखेवाला किंवा पाण्यावर चालणारा कूलर प्रोसेसरला चाळीसच्या खाली नेऊ शकत नाही, त्यामुळे थंडीच्या दिवसांत ठीक वाटणारे यंत्र मे महिन्यात स्वतःचा वेग कमी करून घेते. समोर काच असलेले कॅबिनेट आपण नाकारलेत ते याचसाठी. जाळीचे कॅबिनेट आले, नाममात्र ६५ वॉटच्या प्रोसेसरवर साधा पण मोठा एअर कूलर बसला, आणि पुढून हवा आत घेणारे दोन व मागून बाहेर टाकणारा एक असे पंखे लागले. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त असली की फटींमधून धूळ खेचली जात नाही, हे आपण उदबत्ती पेटवून दाखवलेत: कॅबिनेटच्या मागच्या खाचांजवळ धरल्यावर धूर आत न जाता बाहेर ढकलला जात होता. माझ्या खोलीत टॉवेलमधून सुटणारे कापसाचे बारीक तंतू सतत उडत असतात. ते सगळे आता पुढच्या फिल्टरवर पांढऱ्या थरासारखे जमतात आणि फिल्टर काढून झटकला की काम भागते.

विजेचे गणित आपण कोटेशनच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलेत. कार्ड २०० वॉट, प्रोसेसर भरात असताना ८८ वॉट, बाकीचे पार्ट आणि मॉनिटर मिळून आणखी शंभराच्या आसपास. ६५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा होता, परंतु ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का विजेच्या बचतीपुरताच असतो, दाब अचानक वाढला तर एसएमपीएस स्वतःला आणि इतर पार्टना वाचवेल का हे त्यावरून समजत नाही, म्हणून आपण त्यातील संरक्षणांची यादी आणि वॉरंटीची वर्षे तपासून निवड केलीत. सर्वत्र मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, म्हणजे गेम चालू असताना वीज गेली तर तो कशीबशी तग धरणार किंवा तिथेच मान टाकणार. शिवाय स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर आजच्या अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (विजेचा प्रवाह स्वतः सुधारून घेणाऱ्या) एसएमपीएसला नेहमी मानवत नाही. त्यामुळे १ केव्हीएच्या वरचा, साइन वेव्ह देणारा यूपीएस घेतला आणि त्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले, जे घर बांधल्यापासून कोणी तपासले नव्हते.

साठवणुकीच्या बाबतीत आपण पैसे वाचवलेत. मुलाने जेन ५ ची, म्हणजे जेन ४ च्या पुढच्या वेगवान पिढीची, एसएसडी शोधून ठेवली होती; आपण विचारलेत की माझ्या कॅमेऱ्यातल्या यूएचएस-२ मेमरी कार्डाचा कमाल वेगच सेकंदाला ३१२ एमबी असताना पुढे सेकंदाला १०,००० एमबी वेगाची एसएसडी लावून फोटो लवकर कसे उतरणार. जेन ४ ची टीएलसी प्रकारची एक एसएसडी विंडोज, गेम आणि चालू कामासाठी घेतली, जुन्या कामासाठी हार्ड डिस्क ठेवली, आणि राहिलेल्या पैशांत बाहेरची आणखी एक हार्ड डिस्क आली. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हा नियम आपण सांगितलात, तेव्हापासून सोलापूरचे काम दर महिन्याला बार्शीला माझ्या भावाच्या कपाटात जाऊन राहते. चालू वर्षाच्या कामाची एक प्रत ऑनलाइनही असते.

आपण या सगळ्याचा एक रुपयाही घेतला नाही आणि कोणत्या दुकानातून काय घ्यावे यावर चकार शब्द काढला नाही, याचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. आपल्या हातचे गणित असलेल्या त्या कोटेशनची झेरॉक्स, दुकानाचे नाव झाकून, मी विचारणाऱ्यांना देत असते. त्याला आपली हरकत असल्यास कळवावे. आपला कॅलिब्रेटर मुलाबरोबर रविवारी परत पाठवत आहे. त्याच पिशवीत एक मोरपंखी डबल चादर आहे. ती फी नाही, छपाईच्या नव्या कॅटलॉगशी रंग ताडून पाहण्यासाठी पाठवलेला नमुना आहे, तेव्हा ती परत पाठवू नये ही विनंती.

आपली नम्र,
चादरी-टॉवेलांचे फोटो काढणारी आपली विद्यार्थिनी