दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा वार-वेळही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात रोज ‘शहरात आज’ हे सदर येतं. कीर्तन, रक्तदान शिबिर, कविसंमेलन, साऱ्याचं ठिकाण आणि वेळ त्यात असते. त्याच सदरात दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांच्या बैठकीचीही एक ओळ छापावी, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे मिस्टर जिनिंगमध्ये कामाला आहेत. त्यांची दारू किती वर्षांची, ते सांगत बसत नाही. घराघरात तेच आहे. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी एकदम दारू बंद केली, तेव्हा दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले. अंथरुणावर मुंग्या चढताहेत म्हणून ते उठून चादर झटकायचे, पुन्हा अंथरायचे, पुन्हा झटकायचे. चादरीवर एकही मुंगी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं काही असेल. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की असे भास होतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आमच्याकडे माणसाला खोलीत कोंडतात, नाहीतर देवासमोर शपथ घालतात. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. तरी आधी डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446 हा नंबर फुकट लागतो.

दवाखान्यातून सोडताना एक चिठ्ठी मिळाली: ‘ए.ए. मीटिंगला जात राहणे.’ ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांची संघटना. खाली एक फोन नंबर. तो बंद होता. कोणी सांगितलं जळगावला एका शाळेत भरते, तर तिथल्या वॉचमनने असलं काही ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या कोणाला विचारायचं तर काय म्हणून विचारायचं? अनोळखी गावात रस्त्यावर उभं राहून बाईमाणसाने हे विचारणं किती जड जातं, ते विचारणारीलाच कळतं. शेवटी एका औषधाच्या दुकानदाराने गिऱ्हाईक गेल्यावर हळूच पत्ता दिला. त्याचा मेहुणा तिथे जातो.

खुली बैठक असली की घरच्यांनाही बसू देतात, म्हणून मीही गेले. वर्गातले छोटे बाक, भिंतीवर मुलांनी काढलेली केळीची झाडं. एक काका पिशवीतून कापडी फलक काढून खिळ्याला लावत होते. बैठक संपल्यावर त्यांनीच तो घडी करून परत पिशवीत ठेवला. एकेकाने उठून नुसतं पहिलं नाव सांगितलं, ‘मी मद्यपी आहे’ म्हटलं आणि आपली हकीकत सांगितली. मध्ये कोणी बोललं नाही, उपदेश केला नाही. शेवटी डबा फिरला. नव्या माणसाने काही टाकायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. येताना एसटीत मिस्टर एवढंच म्हणाले, ‘तो दाढीवाला माझंच सांगत होता.’ पुढच्या आठवड्यात मला सांगावं लागलं नाही, स्वतःहून निघाले.

ए.ए. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालं. तिथे फी नाही. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट. बाहेरच्या कोणाची देणगीही ते घेत नाहीत. जागेचं भाडं आणि चहा त्या डब्यातूनच निघतो, मग जाहिरातीला पैसा कुठून येणार? माणसांची नावं ते जपतात, आणि ती जपलीच पाहिजेत. पण बैठकीची जागा लपवायची नसते. या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे दारावर पोचलेला माणूस माघारी फिरतो.

गावोगावच्या बायांनी दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मतं दिली, दुकानं बंद पाडली. त्या लढ्याला माझा नमस्कार. पण दुकान बंद झालं तरी पिणारा शेजारच्या गावी चालत जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर पाहायलाच नको. लेकीबाळी माहेरी झोक्यावर, आणि माणसं पत्त्यांच्या डावावर. डाव म्हटला की बाटली आलीच. नुकत्याच सोडलेल्या माणसाला त्या संध्याकाळी बसायला दुसरी जागा लागते. यंदा आखाजीला आमचे मिस्टर बैठकीला गेले आणि रात्री उशिरा घरी येऊन पुरणपोळी जेवले.

प्रत्येकाला जळगाव-धुळ्याला जाणं परवडत नाही. दारू सोडायची म्हणून दोघं-तिघं एकत्र बसले, तरी त्यांचा गट होतो. म्हणून पारोळा, एरंडोल, चोपडा, साक्री अशा तालुक्याच्या गावी वाचनालयांच्या आणि शाळांच्या संचालकांनी आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली द्यावी. भाडं गटच देईल. आणि आपण फक्त वार, वेळ, ठिकाण छापावं. महिन्यातून एकदा गटाला फोन करून ते बरोबर आहे ना, एवढं पाहावं, नाहीतर आमच्या चिठ्ठीवरच्या नंबरासारखं व्हायचं.

जळगावच्या गटाला विचारूनच हे लिहिलं आहे. त्यांची माहिती सोबतच्या वेगळ्या कागदावर दिली आहे. पेपरात आपलं नाव द्यायचं नाही, असा सभासदांचा नियम आहे. मिस्टर तो पाळतात, म्हणून मीही माझं नाव छापू नये अशी विनंती करते.

आपली,
एक वाचक भगिनी, ता. पारोळा
(नाव व पत्ता संपादकांकडे)