टाकीत डिझेल किती होतं, हे विचारणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोन बोलण्यापुरताच वापरता, तेव्हा हे पत्र तुमचा नातू वाचून दाखवेल. चार लोकांसमोर लिहिते आहे, कारण त्या दिवशी पाटणला आभार मानले ते घाईघाईत. आई गाडीत बसून होती, दिवस मावळला होता आणि आम्हाला कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं होतं.

गाडी बाबांची. १९९९ साली त्यांनी घेतलेली डिझेल गाडी, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या साध्या रोटरी पंपाची, ना सेन्सर ना संगणक. बाबा गेल्यावर ती विकायचा विषय आईने कधी काढू दिला नाही. तिच्या डोळ्यांच्या उपचारासाठी दर पंधरा दिवसांनी आम्ही कराडला येतो, ते याच गाडीने. आणि गेल्या पावसाळ्यानंतर ती मधेच बंद पडायला लागली. रोज नाही. कधी आठवडाभर काही नाही, मग एका दिवसात दोनदा. थोडं थांबून डिझेल पुढे ढकलायचा हातपंप मारला की पुन्हा चालू.

एकदा पोफळीच्या वर, चढावरच्या वळणात बंद पडली. डिझेल गाडीत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम एका वेगळ्या पंपाकडून येतो आणि तो पंप इंजिनावरच फिरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इंजिन थांबल्यावर दोन-तीनदा ब्रेक लागला, मग पेडल दगडासारखं झालं. स्टेअरिंग जड. मागून भरलेला ट्रक येत होता. आई शेजारी बसून नुसतं माझ्याकडे पाहत होती. तिचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

चार महिन्यांत तीन गॅरेजं झाली. डिझेल फिल्टर दोनदा बदलला, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल साफ केले, शेवटी डिझेलचा पंप उतरवून खोलला. त्यातच बरेच पैसे गेले. गंमत अशी, की प्रत्येक कामानंतर गाडी चार-सहा दिवस अगदी छान चालायची. मला वाटायचं, आता सुटलो.

मग त्या दिवशी पाटणच्या एसटी थांब्यासमोर ती पुन्हा बंद पडली आणि बाकावर बसलेले तुम्ही उठून आलात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तुमची उभी हयात गेली, हे नंतर कळलं. मी बोनेट उघडायला गेले तर म्हणालात, “ते राहू दे पोरी. आधी सांग, गेली कशी? दिवा मालवल्यागत, का आचकं देत देत?”

काका, तोवर हे मला कुणीही विचारलं नव्हतं. आचके देत, असं मी सांगितलं. तुम्ही चावी फिरवायला लावलीत आणि पंपावरच्या सोलेनॉइडचा, म्हणजे डिझेलची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेचा, ‘टक्’ आवाज कान देऊन ऐकलात. झटक्यात बंद पडली असती तर तुम्ही आधी त्याची तार तपासली असती. तिथला बारा व्होल्ट तुटला की डिझेल जागच्या जागी बंद. आचके म्हणजे डिझेल कमी पडतंय, नाहीतर पंप हवा धरतोय. टाकीचं झाकण उघडून पाहिलंत, आत हवा ओढल्याचा आवाज येतो का. नव्हता येत. मग तो प्रश्न: “टाकीत डिझेल किती होतं?”

मला सांगता आलं नाही. तुम्ही रागावला नाहीत. एक वही घाल म्हणालात. तारीख, जागा, चढ की सपाट, इंजिन गार की गरम, आणि डिझेलचा काटा कुठे.

तीन आठवड्यांत ७ नोंदी झाल्या. सातही वेळा काटा अर्ध्याच्या खाली होता, आणि त्यातल्या ५ वेळा गाडी चढावर होती. स्वयंपाकघरात बसून ते पान वाचताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गॅरेजमधून गाडी आणली की घरी येताना मी न चुकता टाकी भरायचे. म्हणजे ते चार-सहा दिवस गाडी नीट चालवत होती ती भरलेली टाकी!

पुढच्या फेरीला तुम्ही पाच लिटरचा कॅन कॅरिअरवर घट्ट बांधलात, पंपाकडे जाणारा आणि परत येणारा असे दोन्ही पाइप त्यात सोडलेत आणि मला कोयनानगरच्या रस्त्याने चढावर गाडी चालवायला लावलीत. तासाभरात एक आचका नाही. पंप चांगला, नोझल चांगले, फिल्टर चांगला. दोष राहिला फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला. पंप खोलायला दिलेले पैसे आठवून माझ्या पोटात कालवलं.

टाकीची लाइन परत जोडून तुम्ही फिल्टरच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा टाकलात आणि गाडीचं तोंड चढाकडे करून इंजिन वाढवलंत. पिवळ्या डिझेलमधून बुडबुडे पळताना दिसले. मी म्हटलं, खाली तर कधी थेंब पडला नाही. त्यावर तुम्ही विहिरीवरच्या मोटारीचं सांगितलंत. सक्शनच्या पाइपला भोक पडलं तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. या गाडीत टाकीपासून डिझेल ओढतो तो इंजिनावरचा पंपच, म्हणून इथेही तेच. हे इतकं साधं होतं, आणि मी चार महिने गाडीखाली डाग शोधत होते.

मोकळ्यावर, टाकी रिकामी करून, आसपासच्यांच्या विड्या विझवायला लावून तुम्ही टाकीतून डिझेल वर ओढणारी आतली नळी बाहेर काढलीत. खालचं तोंड अंगठ्याने दाबून ती पाण्याच्या बादलीत बुडवलीत आणि वरून फुंकलंत, सायकलच्या पंक्चरसारखी. नळीच्या बरोबर मध्यावरून बुडबुड्यांची एक बारीक रेघ वर आली. सुईच्या टोकाएवढं गंजाचं भोक. डिझेल त्याच्या वर असेतो काही नाही. पातळी खाली गेली की, किंवा चढावर डिझेल एका बाजूला सरकून भोक उघडं पडलं की, पंप हवा ओढणार. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसती नळी माझ्या हातात दिलीत. मला रडू आलं ते तिथेच, तुम्ही पाहिलंत.

नवी नळी टाकलीत, लाइनमधली हवा काढलीत आणि नळीचे पैसे व वर २०० रुपये, याहून एक रुपया जास्त घेतला नाहीत. आधीच्या गॅरेजवाल्यांबद्दल मी कडू बोलले, तेव्हा मला थांबवलंत: “त्यांच्याकडं भरल्या टाकीची गाडी गेली. माझ्याकडं तुझी वही आली.” वही घालायला सांगणारे तुम्हीच होतात काका, हे मी इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

आईची दुसरी शस्त्रक्रिया झाली. आता तिला घाटातली झाडं वेगवेगळी दिसतात, आणि वाटेत ती न घाबरता बाहेर बघत असते. आंबापोळी वाळत टाकली आहे. त्यातली तुमची तिने आधीच बाजूला काढली.

दोन महिने वही बंद करू नको, असं तुम्ही बजावलं होतंत. केली नाही. नवी नळी टाकल्यापासून आजवर २३ नोंदी झाल्या. त्यातल्या ११ वेळा मी मुद्दाम पाव टाकीवर घाट चढले. या सगळ्या नोंदींच्या शेवटच्या रकान्यात एकच आहे: बंद पडली नाही. पुढच्या गुरुवारी कराडला निघताना वही सोबत घेते, तुम्ही डोळ्यांखालून घाला.

तुमची,
चिपळूणची पोरगी