मंजे, अण्णांच्या घराबद्दल विचारायचंय

प्रिय मंजे,

फोन करणार होते, पण फोनवर तू निम्मं लक्ष गॅसवर ठेवून बोलतेस आणि हे निम्म्या लक्षाने ऐकायचं नाहीये, म्हणून टाईप करत बसलेय. इथे मध्यरात्र उलटलीय. हा घोरतोय, चिऊच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे. जे झालंय ते दुसऱ्या कुणाला सांगून काही उपयोग नाही, कारण नाटकांना ऑर्गनची साथ करणारे अण्णा तुझे वडील होते.

तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू, गुडघा आहे तसाच.

तर काल चिऊच्या ऑर्केस्ट्राची पॉप्स कॉन्सर्ट झाली. पॉप्स म्हणजे सिंफनीवाल्यांनी, यांचं शास्त्रीय वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाने, लोकांच्या ओठावरची गाणी वाजवायची, हलकंफुलकं. बॉस्टन पॉप्स हे त्याचं मूळ ठिकाण, १८८५ पासून चाललंय. सिंफनीचा सीझन संपला की उन्हाळ्यात वादक रिकामे, म्हणून ज्या हिगिन्सनने बॉस्टनची सिंफनी उभी केली त्याच्याच डोक्यातून हे उन्हाळी कार्यक्रम निघाले, लोकांना करमणूक आणि वादकांना काम. हे वाचून तुला अण्णांचा दौऱ्याविना रिकामा जाणारा पावसाळा आठवेल बघ, मला तर लगेच आठवला. सिंफनी हॉलमध्ये पॉप्सच्या वेळी खालच्या खुर्च्या काढून टेबलं मांडतात, लोक खातपीत ऐकतात. आमच्या गावातली ही पोरांची ऑर्केस्ट्रा तसंच करते, शाळेच्या हॉलात गोल टेबलं, कागदी टेबलक्लॉथ, आयांनी करून आणलेलं खाणं. मी काकूंच्या पद्धतीच्या नारळाच्या वड्या नेल्या होत्या, मध्यंतराच्या आत ताट रिकामं, सांग त्यांना.

यावर्षी सगळी ब्रॉडवेची, न्यूयॉर्कच्या थिएटरांतली गाणी होती. म्हणजे यांची संगीत नाटकंच की गं. कंडक्टर बाई मधेमधे माईकवर गोष्टी सांगत होत्या, पॉप्समध्ये तशी पद्धतच आहे. 'ओक्लाहोमा!' मार्च १९४३ मध्ये न्यूयॉर्कला जायच्या आधी इथे बॉस्टनच्या कलोनियल थिएटरात लागलं होतं, तेव्हा नावसुद्धा वेगळं होतं, आणि इथेच बसून त्यांनी त्यात फेरफार केले. मला तर लगेच सांगलीच्या भावे नाट्यमंदिरासमोरचा नाटकांचा बोर्ड दिसायला लागला. मग 'माय फेअर लेडी'तलं एलायझाचं चिडायचं गाणं झालं, चौदा-पंधरा वर्षांची पोरगी काय तोऱ्यात म्हणाली. ते ऐकताना तूच डोळ्यासमोर! 'माय फेअर लेडी' १९५६ची, पुलंची 'फुलराणी' १९७५ची, दोन्हींचं मूळ बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'च, आणि मास्तरवर दात खायची जागा दोन्हीकडे तीच. गॅदरिंगला ते स्वगत तुला मिळालं आणि मला मिळालं नाही, यावर आपण आठवडाभर बोलत नव्हतो. मी अजूनही सांगते, मी तुझ्यापेक्षा चांगलं केलं असतं. तुझा 'ळ' बरा होता एवढंच.

आता मुख्य. उत्तरार्धात 'सेंड इन द क्लाउन्स' होतं. हे सॉन्डहाइम नावाच्या संगीतकाराने १९७३च्या नाटकासाठी लिहिलं, आणि ज्या नटीसाठी लिहिलं त्या ग्लिनिस जॉन्सला लांब सूर धरून ठेवता यायचे नाहीत, म्हणून त्याने ओळीच तोकड्या केल्या, एवढ्याएवढ्याशा, प्रश्न विचारल्यासारख्या. गळा बघून चाल बांधली. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको. काल म्हणणाऱ्या बाई शाळेतल्याच शिक्षिका, आवाज गोड, पण दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी शब्द गेले. गेले म्हणजे पूर्ण गेले, चेहरा पांढरा. कंडक्टरने डाव्या हाताने खूण केली आणि ऑर्केस्ट्रा तिथल्या तिथे तेच दोन बार, म्हणजे तालाचे दोन छोटे तुकडे, फिरवायला लागली. याला व्हँप म्हणतात. नाटकाच्या वहीत तशा जागा लिहूनच ठेवलेल्या असतात, नटाचं बोलणं संपेपर्यंत तेवढंच वाजवत राहायचं. इथे लिहिलेलं नव्हतं, पण फिरवलं. आणि त्या फिरण्यात, मंजे, क्लॅरिनेटने हळूच पुढच्या ओळीचा तुकडा वाजवला. मोठ्याने नाही, सोलो करायचा म्हणून तर अजिबात नाही, फक्त त्या बाईंच्या कानात पडेल एवढा. बाईंनी तिकडे बघितलं, श्वास घेतला आणि गाणं पुढे गेलं. हॉलमध्ये निम्म्या लोकांना काही घडलं हे कळलंच नाही.

ते क्लॅरिनेट चिऊचं होतं.

मला एकदम मिरजेचं 'सौभद्र' आठवलं, नारदाची वीणा ग्रीनरूममध्ये राहिली होती आणि अण्णा ऑर्गनवर असे काही खेळत बसले होते की पब्लिकला वाटलं नारदाची एंट्री अशीच असते, वरून टाळ्या. नंतर त्या नारदाने अण्णांना भजी खिलवली आणि आपल्या दोघींना एकेकच मिळालं. अण्णा म्हणाले होते, गाणाऱ्याला पडू द्यायचं नाही, आणि आपण उचललं हे त्याला कळूही द्यायचं नाही. हे मी चिऊला कधीच सांगितलं नाहीये. तिने अण्णांना पाहिलंही नाही. कुठून आलं हे तिच्यात?

तर मी नुसती आनंदात होते. डोळे पुसत होते, हा माझ्याकडे बघत होता की हिला काय झालं. आणि गाडीत बसल्या बसल्या पोरगी म्हणते, आई, मला हेच करायचंय. म्हटलं क्लॅरिनेट ना, कर की, कॉलेजच्या बँडमध्ये वाजव. म्हणे तसं नाही, पिटमध्ये. स्टेजसमोरच्या वादकांच्या खड्ड्यात बसून वाजवायचंय, तेच शिकायचंय, म्युझिक कॉलेजलाच अर्ज करणार, दुसरीकडे नाही. हा गाडी चालवत होता, काही बोलला नाही, नुसता एसी वाढवला.

तिने सगळा अभ्यास करून ठेवलाय गं. म्हणते पिटमध्ये नुसतं क्लॅरिनेट चालत नाही, एकेका माणसाला चार-चार वाद्यं यावी लागतात. 'वेस्ट साइड स्टोरी'त पाचच फुंकवाले बासरीपासून बॅरिटोन सॅक्सोफोनपर्यंत सगळं सांभाळतात. एका गाण्यात बासरी, पान उलटलं की क्लॅरिनेट. जादाच्या वाद्याला युनियनच्या नियमाने जादा पैसे. म्हणून तिने सॅक्सोफोन सुरू केला होता आणि आता बासरी, आणि मी आपली समजत होते की पोरगी चंचल आहे, एक काही धरत नाही!

मग मी काल रात्रीपासून शोधत बसले. 'फँटम ऑफ द ऑपेरा' माहितीये ना, त्याच्या पिटमध्ये सत्तावीस माणसं होती. ब्रॉडवेवर १९८८ पासून चाललेलं नाटक तिथे एप्रिल २०२३ मध्ये बंद झालं, १३,९८१ प्रयोग करून. सत्तावीस घरं पस्तीस वर्षं त्या एका खड्ड्यावर चालली असं म्हण. तेवढा मोठा पिट आता क्वचित. २००३च्या मार्चमध्ये तर वादकांनी संप केला होता, कारण निर्मात्यांना किमान वादकांची अटच काढून टाकायची होती, आणि वादक नसतील तर कॉम्प्युटरवरचा ऑर्केस्ट्रा लावू अशी तयारी केलेली. नट आणि स्टेजवरचे कामगार वादकांच्या बाजूने उभे राहिले, चार दिवस ब्रॉडवेची जवळजवळ सगळी संगीत नाटकं बंद. (आपल्याकडे असं कुणी अण्णांसाठी उभं राहिलं असतं का?) तडजोड झाली, पण सगळ्यात मोठ्या थिएटरांत जिथे निदान चोवीस ते सव्वीस वादक ठेवावे लागायचे तिथे अठरा-एकोणीस झाले. आणि २००५ला 'स्वीनी टॉड' केलं त्यात तर नटांच्याच हातात वाद्यं दिली, वेगळा पिटच नाही.

हे सगळं सकाळी चिऊला वाचून दाखवलं. तिच्याकडे उत्तर तयार! तेच 'स्वीनी टॉड' २०२३ मध्ये परत आलं तेव्हा सव्वीस जणांची ऑर्केस्ट्रा होती, लोक ती ऐकायला म्हणून गेले. आणि २००८ला न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला 'साउथ पॅसिफिक' झालं, तीस वादक, सुरुवातीचं संगीत चालू असताना स्टेजचा पुढचा भाग मागे सरकायचा आणि खालची सगळी ऑर्केस्ट्रा दिसायची, त्यालाच टाळ्या पडायच्या. तिने मला रॉबर्ट रसेल बेनेट माहितीये का विचारलं. मी म्हटलं नाही. तर म्हणे 'ओक्लाहोमा!', 'साउथ पॅसिफिक', 'साउंड ऑफ म्युझिक', सगळ्यांत कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते या माणसाने लिहिलं, आणि तुला चाली देणाऱ्या रॉजर्सचं नाव माहिती, याचं नाही. तिला राग येतो त्याचा. मला अण्णांची हँडबिलं आठवली. नाव सगळ्यात खाली, ते पण अर्ध्या वेळेला चुकीचं छापलेलं.

आता मला खरं भ्या वाटतंय ते सांगते. चिऊ नापास होईल याचं नाही. तिला येईल, आणि चांगलंच येईल, आणि मग ती तेच करत राहील.

कारण मी तुमचं घर पाहिलंय ना. पण मी पाहिलं ते पाहुणीने पाहिलेलं. मी यायचे संध्याकाळी, तेव्हा अण्णा पायपेटी मारत बसलेले असायचे, काकू पोहे द्यायच्या, अण्णा बालगंधर्व-केशवराव भोसले एकत्र उभे राहिले त्या 'संयुक्त मानापमान'ची गोष्ट अशी सांगायचे की जणू १९२१ साली तेच साथीला होते, जन्म व्हायचा होता तरी. मला वाटायचं जगात याच्यापेक्षा आनंदी घर नाही. आमच्या घरी बाबांचा पगार एक तारखेला यायचा आणि कुणी हसायचं नाही. पण रात्री मी निघून जायचे. दौरा नसायचा तेव्हा काय व्हायचं? नाईटचे, म्हणजे प्रयोगाचे, पैसे कंत्राटदाराने बुडवले की काय व्हायचं? काकू ब्लाउज शिवायच्या ते हौसेने नव्हतं हे मला लग्न झाल्यावर कळलं. तू कॉलेजच्या ट्रिपला "मला बस लागते" म्हणून आली नाहीस, तुला बस लागत नाही मंजे, आपण नंतर कोकणात गेलो तेव्हा तू मागच्या सीटवर बसून चिवडा खात होतीस.

आणि शेवटचं ते. त्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमाच्या संयोजकाने ऑर्गनला टेम्पो परवडत नाही म्हणून सांगितलं आणि कुणाचातरी पोरगा काखेत कीबोर्ड मारून आला, आणि अण्णा पहिल्या रांगेत बसून त्याला दाद देत होते. तू माझा हात धरला होतास तेव्हा. त्यावर आपण कधी बोललो नाही. अण्णांना काय वाटलं हे मी आज विचारत नाहीये. तुला काय वाटलं?

म्हणजे मला विचारायचंय ते हेच की त्या घरात मोठं होताना तू अण्णांवर चिडायचीस का. बँकेची परीक्षा दिलीस ती त्यांच्याकडे बघून दिलीस का. तू इतका चांगला गळा असून गाणं सोडलंस, मी त्यावरून तुझ्याशी केवढी भांडले, तू म्हणालीस "तुला काय कळतंय", आणि मी तोंड फुगवून घरी गेले. आता कळून घ्यायचंय, सांग. ह्याला वाटतं सरळ कॉम्प्युटर सायन्स करावं आणि वाजवणं शनिवार-रविवार. माझ्यातली अर्धी बाई तेच म्हणते. उरलेल्या अर्धीने काल तो क्लॅरिनेटचा तुकडा ऐकलाय. ज्या मुलीला दुसऱ्याचा श्वास अडला हे आधी कळतं तिला दिवसभर कोड लिहायला बसवायचं? आणि नाही बसवलं तर माझ्यानंतर तिचं औषधपाणी, भाडं कोण बघणार? इथे तर नोकरीबरोबर इन्शुरन्स असतो, नोकरी नाही तर तो आपला आपणच बघायचा. दोन्ही प्रश्न खरे आहेत गं, एकाने दुसरा गप्प बसत नाही.

बरं तुझं काय. बदलीचं झालं का? की अजून तोच साहेब? काकूंचं मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे, पैसे लागले तर सांग, संकोच नको. ओंकारला मुलगी पसंत पडली हे फेसबुकवरून कळतं मला, शाब्बास, भेटल्यावर बघते तुला. आणि ऑर्गन माळ्यावरून काढून कुणाला देऊ नकोस, भाता दुरुस्त करून घेऊ, खर्च माझा.

कॉलेजवाल्यांना डिसेंबरच्या सुरुवातीला रेकॉर्डिंग पाठवावी लागतात, म्हणजे उन्हाळ्यातच ठरवायला हवं. तेव्हा गोड बोलून वेळ मारून नेऊ नकोस. मला बरं वाटावं म्हणून "कलेला मरण नाही" वगैरे लिहिलंस तर मी वाचणार नाही. घरात काय शिजायचं, कोण रडायचं, अण्णा रात्री झोपायचे का, ते लिही. आणि त्यांना कधी वाटलं का की पोस्टातली ती नोकरी घ्यायला हवी होती, ते तुला माहिती असेल तर तेही. काकूंना विचारलंस तरी चालेल, चिऊसाठी हवंय म्हणून सांग.

कालचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॅपवर पाठवतेय. हेडफोन लावून ऐक, नाहीतर तो तुकडा ऐकू येणार नाही.

तुझी,
शुभा