मिक्सरचं बिल तुझ्या नावावर आहे

सोलापूर

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा गळका मिक्सर घेऊन नवी पेठेत जाऊन आले. दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला. फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "जाऊ दे आई, चार हजारांसाठी कोण भांडत बसणार." मला ते पटलेलं नाही. तू सांभाळून खर्च करतेस आणि हे पैसे तुझ्या कमाईचे आहेत. बिल तुझ्या नावावर असल्यामुळे तक्रारही तुझ्याच सहीने गेली पाहिजे. सगळं पुण्यात बसून करता येतं. कसं ते लिहिते, निवांत वाच.

आधी दुकानात काय झालं ते सांगते. मी मुद्दाम दुपारची वेळ धरली होती. संध्याकाळी गिऱ्हाइकांची रीघ असते, आणि चार माणसांसमोर दुकानदार माघार घेत नाही. खोका उघडला, मोठं भांडं अर्धं पाण्याने भरलं आणि त्यांच्याच काउंटरवर चालू करून दाखवलं. डाळ नाही, खोबरं नाही, नुसतं पाणी. पाहता पाहता भांड्याच्या बुडातून, भांडं मोटरला जोडणारा कपलर बसतो त्या जागेतून पाणी पाझरायला लागलं आणि मोटरच्या तोंडावर उतरलं. मग तो जळका वास आला आणि मशीन आपोआप बंद पडलं. खालचं लाल बटण दाबल्यावरच पुन्हा चालू झालं. तिथल्या पोऱ्याने भांडं उलटं करून बघितलं आणि तोच बोलून गेला, "शेठ, बुडातली सील नीट बसली नाही बघा."

त्यावर दुकानदार म्हणाले, "मावशी, मशीन आम्ही बनवत नाही की ओ. आम्ही विकतो. तुम्ही सर्व्हिस सेंटरला घेऊन जावा." मी बिल पुढे केलं तर त्यांनी ते उलटं करून मागचा शिक्का दाखवला, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. जणू तिथंच विषय संपला.

माणूस उर्मट नव्हता. बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. त्यांची अडचण मला कळते, कारण मीही काउंटरच्या त्या बाजूला उभी राहिलेली आहे. वस्तू बदलून दिली की सदोष नग त्यांच्या गळ्यात पडतो. तो डिस्ट्रिब्युटरकडे पाठवायचा तर खोका, सगळी भांडी, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट लागतो. त्यानंतर क्रेडिट नोट, म्हणजे पैसे वळते केल्याचा कागद, कधी येईल ते कंपनीच्या मर्जीवर. छोट्या दुकानदाराचं भांडवल तेवढे दिवस अडकतं. त्यामुळे नाही म्हणणं त्यांना सोपं जातं, आणि दहातले बहुतेक लोक तिथूनच परत जातात. पण ही त्यांची आणि कंपनीची देवघेव आहे. तिचा भार तू का उचलायचा? तू पैसे दुकानात मोजलेस, कंपनीत नाही.

तू शाळेत असताना मी चाटी गल्लीत चादरी-टॉवेलच्या दुकानात काम करायचे, ते तुला अंधुक आठवत असेल. तिथं सेकंडचा माल यायचा. कुठं ताण्याचा धागा तुटलेला, कुठं गाठ, कुठं काठाला मागाच्या तेलाचा डाग. त्याचा ढीग वेगळा आणि भाव कमी. मालकांची ताकीद होती की चादर पूर्ण उलगडायची, दोष बोटाने दाखवायचा आणि मगच घडी घालायची. तो माल परत घेत नसू आणि ते रास्तच होतं, गिऱ्हाइकाने दोष बघून, कमी भावात घेतलेला असायचा. पण फ्रेश म्हणून पूर्ण भावाने दिलेल्या चादरीची गोष्ट वेगळी. एकदा अक्कलकोटच्या एक बाई लग्नाच्या आहेराच्या चादरी घेऊन परत आल्या. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्या पट्ट्यांवर उतरला होता. मालकांनी वाद घातला नाही. न धुतलेल्या चादरीचं एक टोक मगातल्या पाण्यात बुडवलं आणि पांढऱ्या फडक्याने चोळलं. फडकं गुलाबी झालं. त्यांनी तिथल्या तिथं सगळ्या चादरी बदलून दिल्या आणि कारखानदाराच्या पुढच्या बिलातून रक्कम वळती केली. बाईंनी पुढं कितीतरी लग्नांची खरेदी आमच्याकडेच केली. दोष कुणाचा हे असं समोरासमोर ठरवता येतं, ठरवायची इच्छा असली तर.

आता कायद्याचं. त्या शिक्क्याला तू अजिबात घाबरू नकोस. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे आणि 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलं आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यातली एक. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. तुझ्या बिलावर मुदत नाही, फक्त शिक्का आहे. गड्ड्याच्या जत्रेला आलीस तेव्हा मिक्सर घेतलास, म्हणजे 30 दिवस अजून भरलेले नाहीत. म्हणून मी घाई करते आहे. त्याच कलमात बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा धरलेली आहे. बिल नको असेल तर थोडे कमी करतो, असं ते त्या दिवशी म्हणाले होते आणि तू ठामपणे पक्कं बिल मागून घेतलंस. आज आपल्या हातात जे काही आहे ते त्या कागदामुळे आहे.

एक मात्र लक्षात ठेव. हा हक्क सदोष वस्तूसाठी आहे. रंग आवडला नाही, मोठं मॉडेल घ्यायला हवं होतं असं वाटलं, तर बदलून देणं ही दुकानदाराची सवलत असते, त्यासाठी कायद्याचं नाव काढायचं नाही. आपली तक्रार भांड्याच्या बुडाची आणि मोटरची आहे, तेवढीच ठेवायची. दुकान कसं आहे, माणूस कसा आहे, यातला एक शब्दही पत्रात नको.

पत्र दुकानाच्या नावाने लिही आणि प्रत कंपनीला पाठव. खरेदीची तारीख, बिल नंबर, मॉडेल, मशीनच्या तळाशी असलेला सीरियल नंबर (त्याचा फोटो तुला पाठवलाय), कितीला घेतला, पैसे कसे दिले, हे वरच येऊ दे. मग काय होतं ते आहे तसं लिही, की अर्धं भांडं पाणी घालून चालू केल्यावर बुडातून गळती होते, पाणी मोटरवर येतं, जळका वास येतो आणि मशीन बंद पडतं. माझ्या आईने अमुक दिवशी दुकानात प्रत्यक्ष दाखवलं, आपण बदलून द्यायला नकार दिला, हेही लिही. शेवटी मागणी स्पष्ट हवी. त्याच मॉडेलचा नवा नग द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी, आणि पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत. 'काहीतरी करावे ही विनंती' असं मोघम लिहू नकोस. पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठव, आणि तेच दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आणि कंपनीच्या ईमेलवर टाक. तिथं तारीख-वेळ आपोआप राहते.

सर्व्हिस सेंटरलाही मी जाणार आहे, कारण कंपनी नंतर म्हणायला नको की आम्हाला तपासायची संधीच दिली नाही. तिथं जॉबकार्ड, म्हणजे बिघाडाच्या नोंदीचा कागद, भरताना फार जपावं लागतं. मेकॅनिक सवयीने 'जास्त लोड' किंवा 'पाणी गेल्यामुळे' असं लिहून टाकतो आणि खाली आपली सही घेतो. मग वॉरंटीच्या वेळी तोच कागद आपल्यावर उलटतो. पाणी वरून सांडलेलं नाही, बुडातून गळलेलं आहे, हा फरक मी माझ्या शब्दांत लिहायला लावीन आणि प्रत घेतल्याशिवाय मशीन हातातून सोडणार नाही. ते दुरुस्त करून देतो म्हणतील. वॉरंटी कार्डावर दुरुस्ती करायची की बदलून द्यायचं हे कंपनी ठरवेल, असं बारीक अक्षरात बहुधा असतंच. पण पहिल्या महिन्यातच मोटरमध्ये पाणी गेलेलं मशीन उघडून पुन्हा जोडून घ्यायला मी तयार नाही. विजेच्या वस्तूत पाणी आणि करंट एकत्र येतात तिथं काटकसर चालत नाही. हा मिक्सर तुझ्या हाताखाली चालणार आहे, माझी खरी काळजी ती आहे. चार हजारांचं दुःख त्यानंतरचं.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर फोन कर. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार समोरच्याकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते. गल्लीतल्या दुकानापेक्षा मोठ्या कंपन्या तिला जास्त दाद देतात, म्हणून तिथं कंपनीचं नाव नक्की घाल. तक्रार नंबर मिळेल तो जपून ठेव.

त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तू वकिलाच्या फीला घाबरतेस, पण तिथं वकील लागतोच असं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी शून्य आहे. घटनेपासून 2 वर्षांत तक्रार करायची असते. पूर्वी दुकान किंवा कंपनी जिथं असेल किंवा व्यवहार जिथं झाला असेल तिथंच जावं लागायचं, आताच्या कायद्यात तू राहतेस किंवा नोकरी करतेस तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे दुकान सोलापूरचं असलं तरी तुला पुण्यात करता येईल, आणि 2025 पासून ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही समोरची बाजू करायचं, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवून सुटता येत नाही. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून 3 महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर 5 महिन्यांत प्रकरण मिटवावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ते मनाशी धरून चाल. पण माझा अंदाज असा की इतकी वेळ येणार नाही. आयोगाचा उल्लेख असलेलं नीट लिहिलेलं पत्र हातात पडलं की दुकानदार डिस्ट्रिब्युटरला फोन करतोच. त्यालाही वर दाखवायला एक कागद हवा असतो, आणि तो तुझ्या पत्रामुळे त्याला मिळेल.

हे हक्क आयते मिळालेले नाहीत. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो 1986 च्या डिसेंबरात आला, म्हणून 24 डिसेंबर हा ग्राहक दिन. एवढी वर्षं लोकांनी खेटे घातले आणि शिकलेल्या, कमावत्या मुलीने 'जाऊ दे' म्हणायचं, हे मला सहन होत नाही. माझ्यामागे काउंटरवर एक आजी उभ्या होत्या, हातात इस्त्री, तीही बिघडलेली. माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "तुम्हाला देत्यात का बदलून? मग मीबी मागते." त्यांना लिहिता येत नव्हतं. तुला येतं.

म्हणून आज-उद्यात पत्र टाक आणि पोस्टाच्या पावतीचा फोटो मला पाठव. मिक्सर खोक्यासकट माझ्या कपाटात आहे, बाबांनाही स्क्रू ड्रायव्हर लावू देणार नाही. दुकानदार वरचे पैसे भरून मोठं मॉडेल घ्या असं सुचवतील, त्याला परस्पर हो म्हणू नकोस, आपल्याला आहे तेच हवं आहे. बदलून दिला तर नव्या नगाचा सीरियल नंबर जुन्या बिलावर लिहून घ्यायचा आणि वॉरंटी नव्या तारखेपासून धरायला सांगायची. त्याखाली दुकानाचा शिक्का आणि सही पडल्याशिवाय मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.

जेवण वेळेवर कर.

तुझी
आई